नाताळच्या गृहसजावटीतील रंगयोजना : मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

डिसेंबर महिना उजाडला की मीरा रोड आणि भाईंदरच्या बाजारांत नाताळच्या सजावटीचे साहित्य दिसू लागते. कागदी व प्लॅस्टिकच्या चांदण्या, चमचमत्या झिरमिळ्या, रंगीत गोळे, दिव्यांच्या माळा आणि घडी घालून पेटीत ठेवता येणारे कृत्रिम नाताळवृक्ष यांनी दुकाने भरून जातात. याच सुमारास अनेक घरांत एक प्रश्न चर्चेला येतो : यंदा सजावटीसाठी कोणते रंग घ्यावयाचे? वरवर पाहता हा प्रश्न केवळ हौसेचा वाटतो. गृहसजावटीची नियतकालिके त्याचे तयार उत्तरही देतात. पारंपरिक रुची असल्यास लाल-हिरवा, आधुनिक असल्यास पांढरा-रुपेरी, भारदस्त असल्यास सोनेरी, असे ते उत्तर असते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या उत्तराची चिकित्सा करण्याचा आहे. रंग हा घराने केलेला एक उच्चार असतो. त्याला इतिहास असतो, ऋतू असतो आणि पाहणाऱ्यांचा एक समाजही असतो. चित्राची वा कवितेची समीक्षा करताना जे प्रश्न आपण विचारतो, तेच प्रश्न सजलेल्या दिवाणखान्यालाही विचारता येतात. या रंगांचा परस्परांशी संबंध काय? त्यांचा आशयाशी संबंध काय? ही रचना ज्या स्थळी उभी आहे, त्या स्थळाशी तिचे काही नाते आहे काय? नाताळच्या रंगयोजनेची निवड या तीन प्रश्नांच्या आधारे व्हावी आणि मीरा-भाईंदरसारख्या किनारी परिसरात ती केल्यास आज प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या हिमधवल योजनेचा पुनर्विचार करावा लागतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

परिसर आणि घर

मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. ही आकडेवारी मुख्यतः रेल्वेमार्गालगत उभ्या राहिलेल्या इमारतींचे शहर सांगते. पश्चिमेकडे मात्र धारावी बेट या जुन्या नावाने ओळखला जाणारा भाग आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही गावे तेथे आहेत. येथील ख्रिस्ती समाजात मासेमारी करणारे कोळी आहेत, तसेच भातशेती व बागायत करणारी कुटुंबेही आहेत. १५३४ साली वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर येथे ख्रिस्ती धर्म रुजला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ही सत्ता संपुष्टात आली, तरी धर्म आणि मराठी बोली दोन्ही टिकून राहिल्या. १८८७ साली मुंबई परिसरातील या मूळ ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले.

नाताळच्या संदर्भात या परिसराचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटते. डोंगरीचे चर्च बेथलेहेमच्या मातेला वाहिलेले आहे, भाईंदरचे चर्च नाझरेथच्या मातेला आणि उत्तनचे समुद्राच्या मातेला. ख्रिस्तजन्माच्या कथेतील दोन्ही गावांची नावे, आणि त्यांच्या जोडीला येथील समुद्राचे नाव, अशा रीतीने याच भूमीवर नांदत आहेत. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून आला आणि मराठी झाला. परकी गोष्ट आपली करून घेण्याची ही रीत येथे जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. तेव्हापासून ही कथा मराठी कानाला परकी राहिलेली नाही. तिच्या रंगांविषयी मात्र असा विचार क्वचितच झाला.

या परिसरात सजावट होणाऱ्या घरांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिला प्रकार गावातील घराचा. त्याला ओटी असते, भिंती बहुधा निळ्या, पोपटी अथवा पिवळ्या अशा ठसठशीत रंगाच्या असतात आणि आत देवघराच्या जागी आल्तार असते. दुसरा प्रकार इमारतीतील सदनिकेचा. तेथे भिंती फिकट, दिवाणखाना लहान आणि प्रकाश पांढऱ्या दिव्याचा असतो. रंगयोजनेची बहुतेक मार्गदर्शने या दोन्ही घरांना गृहीत धरत नाहीत. त्यांच्या मनात शेकोटी असलेले, लाकडी तक्तपोशीचे आणि खिडकीबाहेर हिम पडत असलेले घर असते. तेथून आणलेली योजना येथील भिंतीवर टांगली की जी विसंगती जाणवते, तिचा दोष आपण आपल्या घराला देतो. वस्तुतः तो योजनेचा असतो.

लाल आणि हिरवा : एका जोडीचा इतिहास

लाल-हिरवा ही नाताळची ‘पारंपरिक’ जोडी मानली जाते. ही परंपरा कोणाची, हे पाहणे उद्बोधक ठरते. उत्तर युरोपात हिवाळ्यात बहुतेक झाडांची पाने गळतात. अशा वेळी हिरवी राहणारी काटेरी होली आणि तिची लाल फळे यांना स्वाभाविकपणेच जीवनाचे प्रतीक मानले गेले. मध्ययुगीन जर्मन प्रदेशांत २४ डिसेंबर हा आदम व हव्वेचा दिवस असे आणि त्या निमित्ताने होणाऱ्या नाट्यप्रयोगांत हिरव्या झाडावर लाल सफरचंदे टांगून नंदनवनाचा वृक्ष उभा केला जाई. इंग्लंडमध्ये नाताळवृक्षाचा घरोघर प्रसार झाला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजवलेल्या वृक्षाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ साली एका लंडनच्या साप्ताहिकाने छापले आणि ती राजघराण्याची रीत मध्यमवर्गाची झाली. विसाव्या शतकात, १९३१ पासून, एका शीतपेयाच्या जाहिरातींतील लाल पोशाखातल्या सांताक्लॉजने या रंगाचे जागतिकीकरण पुरे केले.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. ज्याला आपण सनातन समजतो ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातील आहे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : या जोडीमागे पर्णहीन हिवाळ्याचा अनुभव आहे. धारावी बेटावर डिसेंबरमध्ये झाडे उघडी पडत नाहीत. उलट पावसाळ्यातील गवत वाळून सोनेरी झालेले असते, भाताची कापणी आटोपलेली असते आणि खळ्यावर पेंढा रचलेला असतो. येथे हिरवा रंग दुर्मिळ नसल्याने त्याला तो युरोपीय अर्थ आपोआप प्राप्त होत नाही.

मग ही जोडी टाकून द्यावी काय? तसे करण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रात या दोन्ही रंगांना स्वतःचा मंगल अर्थ पूर्वीपासून आहे. हिरवा चुडा आणि हिरवे वस्त्र ही सौभाग्याची व सुफलतेची खूण आहे. लाल हा कुंकवाचा रंग आहे. ईस्ट इंडियन स्त्रियांच्या चौकडीच्या पारंपरिक लुगड्यातही गडद लालसर व हिरव्या छटांना स्थान आहे. म्हणजे जी जोडी इंग्रजी भेटकार्डावरून आली असे वाटते, तिला या मातीत एक दुसरे मूळ उपलब्ध आहे. प्रश्न इतकाच की आपण लाल आणि हिरवा निवडताना कोणत्या वस्तूंतून तो आणतो.

हिरव्याचे उदाहरण घेऊ. आपल्याकडील अनेक कॅथलिक घरांत गव्हाणीच्या देखाव्यासाठी नाताळच्या आधी काही दिवस पसरट भांड्यात नाचणी, गहू वा भात पेरण्याची रीत आहे. त्याचे कोवळे अंकुर गोठ्याभोवतीचे शेत होतात. शारदीय नवरात्रात घटाभोवती धान्य रुजविणाऱ्या मराठी घराला ही कृती समजावून सांगावी लागत नाही. अंकुराचा तो पोपटी हिरवा आणि प्लॅस्टिकच्या सूचिपर्णी वृक्षाचा काळपट हिरवा, हे दोन्ही ‘हिरवे’च. परंतु पहिला वाढतो, पिवळा पडतो आणि सण संपताना त्याचेही आयुष्य संपते. जन्माच्या सणाला यापेक्षा समर्पक हिरवा रंग कोणत्या दुकानात मिळेल असे वाटत नाही. किनारपट्टीवर पूर्वी नाताळवृक्ष म्हणून सुरूची फांदी वापरली जाई. तिच्या राखाडी-हिरव्या छटेतही हेच स्थानिकत्व आहे.

लालाचेही तसेच. पॉइन्सेटिया हे झुडूप मूळचे मेक्सिकोचे. रात्र मोठी होऊ लागली की त्याच्या शेंड्याकडची पाने लाल होतात. ती फुले नव्हेत, पानेच असतात. आपल्या बागांत ते सुखाने रुजले आहे आणि डिसेंबरमध्ये ते स्वतःच्या घड्याळाने लाल होते. मखमली फितीच्या लालापेक्षा कुंडीतील हा लाल ऋतूशी अधिक प्रामाणिक आहे.

उपासनेतील रंग

नाताळच्या रंगांची चर्चा उपासनाविधीला वगळून होऊ शकत नाही. मार्गदर्शक लेखांत नेमके हेच वगळले जाते. रोमन कॅथलिक परंपरेत नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळाचा रंग जांभळा आहे. तो प्रतीक्षेचा व अंतर्मुखतेचा रंग होय. तिसऱ्या रविवारी गुलाबी रंगाची मुभा असते, कारण त्या दिवशी आनंदाची पहिली चाहूल घेतली जाते. प्रत्यक्ष नाताळाचा रंग पांढरा, आणि त्याच्या जोडीला सोनेरी. लाल रंग उपासनेत येतो तो २६ डिसेंबरला, संत स्टीफन या पहिल्या हुतात्म्याच्या दिवशी, आणि पुन्हा २८ डिसेंबरला, हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणार्थ. तेथे लाल म्हणजे रक्त.

या क्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. चर्चमधील रंगयोजना कालानुसार उलगडते. आधी जांभळ्याचा संयम, मग क्षणभर गुलाबी, मग पांढरा-सोनेरी प्रकाश आणि त्याच्या पाठोपाठ लाल. घरातील सजावट मात्र डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात संपूर्ण उभी राहते आणि पंचवीस तारखेपर्यंत डोळ्यांना शिळी होते. प्रतीक्षेला रंग उरत नाही. म्हणून घराची रंगयोजना ठरविताना ‘कोणते रंग’ याइतकाच ‘कोणता रंग केव्हा’ हा प्रश्न विचारला पाहिजे. आगमनकाळात आल्तारापाशी जांभळे वस्त्र आणि चार मेणबत्त्यांचे वलय एवढेच असावे, गोठा रिकामा असावा, अंकुर वाढत राहावेत आणि २४ च्या रात्री पांढरा व सोनेरी प्रकट व्हावा. खर्चाच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे. मुख्य म्हणजे घरातील मुलांना वाट पाहणे म्हणजे काय, हे यातून रंगांच्या भाषेत कळते.

संवाद, विरोध आणि समतोल

रंगांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचाराचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी कलाकृतीतील लयबद्ध रचनेची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मांडली. संवेदनांच्या संघटनेचा हा विचार चित्रकलेला जसा लागू पडतो, तसा एका संध्याकाळपुरत्या सजविलेल्या खोलीलाही लावून पाहता येतो.

संवाद म्हणजे सजातीय छटांची जवळीक. पेंढ्याचा फिकट पिवळा, झेंडूचा केशरी-पिवळा, मेणबत्तीच्या ज्योतीचा सोनेरी आणि पितळी समईसारख्या वस्तूंचा तांबूस पिवळा या एकाच कुटुंबातील छटा आहेत. गावच्या क्रुसांना झेंडूच्या माळा घातलेल्या आपण पाहतो. तोच पिवळा घरात आणला तर गोठ्यातील पेंढ्यापासून दारावरील माळेपर्यंत एक संवादी सूत्र तयार होते. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा वर्ण पीत सांगितला आहे. ख्रिस्तजन्माच्या कथेचा स्थायी भाव विस्मयाचा आहे हे लक्षात घेता, पिवळ्याच्या या प्राधान्याला आपल्या काव्यशास्त्राचाही आधार सापडतो.

विरोध म्हणजे लाल आणि हिरवा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली दाखवून दिले की परस्परपूरक रंग शेजारी ठेवले असता प्रत्येक जण दुसऱ्याला अधिक तीव्र करतो. याच कारणाने लाल-हिरवी सजावट लांबूनही उठून दिसते. याच कारणाने ती लवकर थकवतेही. दोन्ही रंग सारख्याच तेजाचे आणि सारख्याच प्रमाणात असतील तर त्यांच्या सीमेवर डोळ्यांना एक अस्वस्थ थरथर जाणवते. विरोधाची धार हवी असेल, तर एक रंग विस्ताराने आणि दुसरा ठिपक्यांप्रमाणे यावा. हिरव्यात लाल ठिपके निसर्गानेच केलेली योजना आहे.

समतोल हे तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित तत्त्व होय. सजावटकार मुख्य, दुय्यम व उठावाच्या रंगांसाठी साठ, तीस आणि दहा टक्के असे प्रमाण सांगतात. नियम म्हणून तो वाईट नाही, परंतु त्यात भिंत धरलेली नसते. उत्तनच्या निळ्या भिंतीच्या घरात साठ टक्के रंग आधीच ठरलेला आहे. तेथे लाल-हिरव्याची भर घातली की तीन बलवान रंगांचे भांडण सुरू होते. तेथे निळ्याला आकाश मानून त्यावर केवळ पांढरा आणि सोनेरी ठेवावा, हिरवा गोठ्यापुरता असावा आणि लाल एकाच ठिकाणी यावा. उलट सदनिकेतील फिकट भिंत रंग मागते. तेथे लाल आणि हिरव्याला अधिक जागा देता येईल. सारांश, समतोल साधायचा तो खरेदी केलेल्या वस्तूंचा आपापसांत नसून त्यांचा घराशी साधायचा असतो.

रचनेचे केंद्र कोणते, हाही समतोलाचाच प्रश्न आहे. बहुतेक घरांत आज वृक्ष केंद्रस्थानी असतो आणि गोठा त्याच्या पायथ्याशी सरकलेला असतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला तेव्हा त्यात पेंढा, बैल आणि गाढव होते. दारिद्र्यात झालेला जन्म डोळ्यांना दिसावा ही त्यामागील प्रेरणा होती. पेंढा आणि मातीचे तपकिरी रंग सर्वांत शांत असतात. भोवती लखलखाट केला की ते दिसेनासे होतात. ज्या योजनेत गोठा दिसत नाही, ती रंगदृष्ट्या कितीही मोहक असली तरी आशयदृष्ट्या फसलेली आहे, असे म्हणावे लागते.

हिमधवल योजनेची चिकित्सा

अलीकडे पांढरा, रुपेरी आणि बर्फाळ निळा या योजनेला विशेष प्रतिष्ठा लाभली आहे. इमारतींच्या प्रवेशद्वारांपासून दिवाणखान्यांपर्यंत ती दिसते. तिच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम म्हटले पाहिजे. लहान खोलीत फिकट रंग अवकाश वाढवितात. पांढरा हा उपासनेतही नाताळाचाच रंग आहे. निळा हा मरियेच्या वस्त्राचा रंग म्हणून ख्रिस्ती चित्रकलेत शतकानुशतके मान्य आहे. शिवाय ज्या कुटुंबांचे आप्त परदेशी स्थायिक झाले आहेत, त्यांच्यासाठी हिमाची प्रतिमा ही दूरच्या मुलाबाळांची आठवणही असू शकते. तिला नुसती नक्कल म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

आक्षेप आहे तो या योजनेतील पांढऱ्याच्या आशयावर. येथे पांढरा प्रकाशाचे चिन्ह म्हणून येत नाही. तो फांद्यांवर शिंपडलेल्या कापसाच्या आणि फेसाच्या रूपाने, हिम म्हणून येतो. जे या भूमीवर कधी पडले नाही त्याची आठवण घर काढीत राहते आणि खिडकीबाहेरचा स्वतःचा डिसेंबर मात्र सजावटीत येत नाही. वास्तविक या परिसराला स्वतःचा पांढरा आणि रुपेरी रंग आहे. भाईंदरच्या मिठागरांतील मिठाच्या राशींचा पांढरा, उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा रुपेरी आणि जाळ्यांचा निळा हे रंग येथील कष्टाचे आहेत. बेथलेहेमच्या कथेत शुभवार्ता प्रथम मेंढपाळांना, म्हणजे रात्रपाळीने राबणाऱ्यांना कळते. उत्तनच्या एखाद्या घराने गोठ्यामागे जुन्या जाळ्याचा निळा तुकडा टांगला, तर तो निळा मरियेचाही होतो आणि दर्याचाही. रंग तेच राहतात, त्यांचा अर्थ पालटतो.

अशा स्थानिकीकरणाला कलेतील पूर्वपरंपरा आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ वास्तव्य केलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली आणि ख्रिस्तकथा भारतीय वर्णपटात रंगविली. तत्कालीन गोव्यातील अनेकांना ते रुचले नाही. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत करून स्थानिक भाषा व संस्कृतींना उपासनेत वाट मोकळी केली, तेव्हा या दृष्टीला उशिरा का होईना, अधिकृत बळ मिळाले. चर्चच्या वेदीपर्यंत पोहोचलेली ही मुभा दिवाणखान्यातील वृक्षापर्यंत अजून पोहोचायची आहे.

येथे एका विरुद्ध धोक्याचाही उल्लेख केला पाहिजे. स्थानिकतेचाही एक कित्ता होऊ शकतो. शहरात राहून, मासे न सुकवता, केवळ शोभेसाठी जाळे विकत आणून भिंतीवर लावणे ही हिमाइतकीच उसनी गोष्ट आहे. ज्या वस्तूशी घराचा संबंध आहे तिचाच रंग घरात यावा. मीरा रोडच्या सदनिकेतील कुटुंबाचे मूळ मंगळूरचे, गोव्याचे वा केरळचे असेल, तर त्याचा डिसेंबर निराळा आणि त्याची रंगयोजनाही निराळी असणार.

हिरव्याविषयी बोलताना आणखी एका वास्तवाकडे डोळेझाक करता येत नाही. २०२५ साली मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरी येथील सुमारे बारा हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि ग्रामस्थ व पर्यावरणप्रेमींनी त्यास विरोध केला. बेथलेहेमच्या मातेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात डोंगरावरचा हिरवा रंग वादात सापडावा आणि त्याच वर्षी घराघरांत प्लॅस्टिकचा हिरवा वृक्ष उभा राहावा, यातील विसंगती रंगाच्या समीक्षकाला नोंदवावीच लागेल.

प्रकाश आणि रंग

रंगयोजना दुकानात दिवसा निवडली जाते आणि घरात रात्री पाहिली जाते. त्यामुळे प्रकाशाचा विचार न करता केलेली निवड बहुधा फसते. पांढऱ्या थंड प्रकाशाच्या नळीखाली, म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिन वर्णतापमानाच्या दिव्यात, निळे व रुपेरी रंग उजळतात. लाल आणि सोनेरी मात्र निस्तेज होतात. सुमारे २७०० केल्व्हिनच्या उबदार प्रकाशात याच्या उलट घडते. सोनेरी-लाल योजना करून वर पांढरी नळी लावणारे घर स्वतःच्याच निवडीवर पाणी फिरविते. याशिवाय, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने नोंदविल्याप्रमाणे, अंधार पडू लागला की डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा-हिरवा अधिक वेळ उजळ राहतो. म्हणून ओटीवर वा गच्चीत लाल वस्तू केवळ टांगून चालत नाही, तिला स्वतःचा दिवा लागतो.

लुकलुकणाऱ्या बहुरंगी माळांविषयी एवढेच म्हणता येईल की त्या कोणतीही रंगयोजना टिकू देत नाहीत. क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रकाशात रंगांचे परस्परसंबंध स्थिरावत नाहीत. गोठ्यापाशी एकच स्थिर, उबदार दिवा आणि उरलेल्या खोलीत मंद प्रकाश, ही सर्वांत स्वस्त आणि आशयाशी सर्वाधिक सुसंगत योजना होय.

घराबाहेरचा रंग

घराच्या आतील रंग कुटुंबाचे असतात. खिडकीत लावलेली चांदणी मात्र शेजाऱ्यांचीही असते. बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद यांपासून बनणारी नाताळची चांदणी ही दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच बहीण आहे. दोघींची बांधणी एक, कागद एक, दिवाही एकच. काही आठवड्यांच्या अंतराने एकाच इमारतीच्या सज्जांत त्या दोघी येतात.

आज आपल्या शहरांत रंगांची वाटणी झाली आहे. भगवा एकाचा, हिरवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा, असे झेंड्यांनी आपल्याला शिकवले आहे. अनेक धर्मांची कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात अशा मीरा रोडमध्ये या वाटणीचे ओझे अधिक जाणवते. अशा ठिकाणी झेंडूचा केशरी, अंकुराचा हिरवा आणि दर्याचा निळा हे तिन्ही रंग एका गोठ्याभोवती निःशंकपणे एकत्र येतात, ही घटना सजावटीपेक्षा मोठी आहे. संख्येने अल्प असलेल्या समाजाने ‘आमचा सण बाहेरचा नाही’ हे वाद न घालता सांगण्याचा तो एक मार्ग आहे. याउलट ज्या चांदणीत केवळ हिम चमकते, ती अनवधानाने का होईना, सणाला पाहुणा ठरविते.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. नाताळच्या रंगयोजनेचा आरंभ दुकानातील मालापासून न होता घराची भिंत, घरातील प्रकाश आणि गोठ्याची जागा यांपासून व्हावा. पिवळ्या-सोनेरीच्या संवादी छटा मुख्य मानून लाल-हिरव्याचा विरोध मोजका ठेवावा. पांढरा रंग हिमाचा न राहता प्रकाशाचा व्हावा. रंगांचे आगमन आगमनकाळाच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने व्हावे. आणि निवडलेला प्रत्येक रंग शक्यतो अशा वस्तूतून यावा, की जिच्याशी घराचा खरा संबंध आहे.

यांपैकी कशासाठीही अधिक पैसा लागत नाही. पसरट भांड्यात मूठभर नाचणी पेरण्यासाठी आठ-दहा दिवसांचे लक्ष मात्र लागते. सजावटीचे मोल ठरवायचे झाल्यास ते या लक्षावरून ठरवावे. डोंगरीच्या बेथलेहेमला आणि भाईंदरच्या नाझरेथला शोभेल असा नाताळ कोणत्या रंगाचा असावा, याचे उत्तर प्रत्येक घराला अशा रीतीने आपल्या हातांनी शोधता येईल.